‘गो’चं ‘गोड’ का होत नाही?

‘प्ले’चं ‘प्लेड’, ‘वॉश’चं ‘वॉश्ड’. शेवटी ‘ईडी’ जोडलं की झाला भूतकाळ! मग ‘गो’चं ‘गोड’ व्हायला काय हरकत होती? पण तसं लिहिलं की वहीत लाल फुली ठरलेली. तिथं ‘वेन्ट’च हवं. हे ‘वेन्ट’ आलं तरी कुठून?

गंमत म्हणजे, ते मुळात ‘गो’चं नव्हेच! ‘वेंड’ असं एक वेगळंच जुनं क्रियापद होतं. त्याचा अर्थ वळणं, वाट धरणं. ‘सेंड’चं ‘सेन्ट’, ‘बेंड’चं ‘बेन्ट’, तसंच ‘वेंड’चं ‘वेन्ट’. ‘गो’चा जुना भूतकाळ निराळा होता. तो हळूहळू मागे पडला आणि १५व्या शतकाच्या सुमारास ‘वेन्ट’ त्याच्या जागी कायमचं येऊन बसलं. पाहुणा म्हणून आला नि घरचाच झाला!

इंग्रजीला हसू नका हं. आपण ‘बस’चं ‘बसला’ करतो, ‘हस’चं ‘हसला’ करतो. मग ‘जा’चं ‘जाला’ का नाही? ‘जा’ आलं संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून, आणि ‘गेला’ आलं ‘गम्’च्या ‘गत’पासून. म्हणजे आपणही दोन घरची माणसं एका पंगतीला बसवलीच की! घरातलं छोटं बाळ ‘मी करलं’ म्हणतं, तेव्हा ते मठ्ठ नसतं. त्याला नियम सापडलेला असतो, अपवाद तेवढे कानावर पडायचे असतात. ‘गोड’ लिहिणाऱ्याचंही तसंच. (आईबाबा, ऐकताय ना?)

मग हे अपवाद टिकले कसे? सततच्या वापरामुळे. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली. २००७ साली त्यांनी सांगितलं, की त्यांतली ९८च आता तशी उरली आहेत. कमी वापरातली लवकर सरळ झाली. चढणं या अर्थाच्या ‘क्लाइम’चा भूतकाळ एके काळी ‘क्लोम’ होता, आता साधा ‘क्लाइम्ड’. पण ‘गो’, ‘डू’, ‘सी’, ‘टेक’ दिवसभर तोंडात! ती कसली सुधारतायत?

पाठ करताना यादी वरून खाली घोकू नका. गट पाडा. ‘सिंग-सँग-संग’, ‘रिंग-रँग-रंग’, ‘ड्रिंक-ड्रँक-ड्रंक’ मोठ्यानं म्हणा, चाल आपोआप लागते. ‘ब्रिंग’ मात्र फसवं! ते ‘ब्रॉट’ होऊन ‘थॉट’, ‘बॉट’, ‘कॉट’ यांच्या टोळीत जातं. आणि ‘आय डिडन्ट वेन्ट’ लिहिलंत तर पुन्हा फुली! ‘डिड’नं भूतकाळाचं ओझं उचललंय ना, मग पुढे साधं ‘गो’च.

आता एक कोडं. एका क्रियापदाचं स्पेलिंग दोन्ही काळांत तेच राहतं, उच्चार तेवढा बदलतो. कोणतं बरं? हे पान हातात धरून तुम्ही आत्ता तेच तर करताय!