राक्षस कुणी केला?

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’वर कुणी बोलायला उभं राहिलं, की तीच रेकॉर्ड वाजते : माणसानं देव होऊ नये, आपली पायरी ओळखावी. दोस्तहो, ‘पायरी’ म्हटलं की आपले कान उभे राहायला हवेत. पायऱ्या कुणी बांधल्या, कुणाला खालच्या पायरीवर बसवलं, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. तेव्हा कादंबरी आपली आपण वाचू. पुरोहिती तात्पर्य फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही.

१८१८ साली ती लंडनला छापली गेली. पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचं नावही नव्हतं. लिहायला घेतली तेव्हा मेरी १८ वर्षांची होती. गोष्टीतला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन जिनिव्हाच्या खात्यापित्या घरचा. प्रेतांचे अवयव जुळवून तो एक जीव उभा करतो. जीव डोळे उघडतो, आणि हा पठ्ठ्या त्याचं रूप बघून धूम ठोकतो. ना नाव दिलं, ना भाकर, ना एक शब्द.

तो जीव एका घरालगतच्या खोपटात लपतो. भिंतीच्या फटीतून ऐकून ऐकून भाषा शिकतो. रात्री गुपचूप त्या घरासाठी सरपण आणतो, वाटेवरचा बर्फ काढतो. घरातले त्या अदृश्य हातांचे गुण गातात. आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेनं बोलतो. डोळस पोरगा येतो आणि काठीनं झोडपतो. पुढं हाच जीव बुडणाऱ्या पोरीला वाचवतो, तर बक्षीस म्हणून गोळी खातो. राबणं चालतं, तोंड दिसलेलं चालत नाही. भिंतीबाहेर बसून शिकणं काय असतं, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मग तो खून करतो. व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा गळा दाबतो. त्याचं समर्थन आपण करणार नाही. पण त्या खुनापायी फासावर कोण गेलं? जस्टिन, घरात राबणारी पोरगी. धर्मगुरूनं बहिष्काराची अन् नरकाची भीती घालघालून तिच्याकडून खोटी कबुली काढली. खरं ठाऊक असलेला व्हिक्टर मूग गिळून बसला. ‘देवाच्या कामात हात घालू नका’ म्हणणाऱ्यांना हे पान बरं दिसत नाही!

हे तात्पर्य कुणाच्या कामी आलं तेही बघा. १८२४ साली ब्रिटिश पार्लमेंटात वेस्ट इंडीजच्या गुलामांची चर्चा चालली होती. परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंगनं याच गोष्टीचा दाखला दिला. गुलामांना एकदम मोकळं करणं म्हणजे अंगात पुरुषाचं बळ आणि डोक्यात पोरबुद्धी असलेला राक्षस उभा करणं, असा त्याचा मुद्दा. माणसाला बेडी मालकानं घातली, आणि राक्षस ठरला बेडीतला माणूस! जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्याच पुस्तकात त्यांनी ब्रह्म्याच्या तोंडातून अन् पायातून माणसं जन्मल्याच्या थापेची सालटी काढली. देवानं कुणाला कसं घडवलं हे सांगणारे कोण असतात, ते जोतीरावांनी ओळखलं होतं.

तेव्हा व्हिक्टरचा गुन्हा जीव घडवण्याचा नाही. घडवून झटकून टाकण्याचा आहे. मरताना तो म्हणतो, मागं वळून पाहता माझ्या वागण्यात मला दोष दिसत नाही. कुणालाच जबाब द्यायचा नाही, याचंच नाव देवपणा.

आणि हा देवपणा निळ्या झेंड्याखालीही शिरतो, भावांनो. नेता पोरं उभी करतो, मोर्च्यात पुढं घालतो. पोलिसांनी केसेस लावल्या की साहेब गावाला गेलेले असतात. पोरं कोर्टाच्या तारखा मोजत बसतात. त्यातलं एखादं बिथरलं, तर ‘ते आमचं नव्हेच’ म्हणायला साहेब पहिले. राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलं होतं. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि खाली नवे देव बसवतो.

पुढच्या अभ्यासवर्गात ही कादंबरी घ्या. नेत्यालाही बोलवा. आणि सगळ्यांदेखत विचारा : साहेब, आपल्या किती पोरांवर केसेस आहेत? वकील कोण देतंय? त्यांच्या घरची चूल कोण बघतंय?

जय भीम.