तेरा आकडे आणि आपली बेफिकिरी

पाटीवरचे मराठी अक्षर पुसले गेले की आमच्या सीमाभागात मोर्चा निघतो. निघालाच पाहिजे. पण आपणच छापलेल्या मराठी पुस्तकावर आयएसबीएन क्रमांक नसतो, असला तर चुकीचा असतो, याची कुणाला चाड नाही. ‘साहित्याला नंबर कशाला? ते काय रेशनकार्ड आहे?’ असे एका प्रकाशन समारंभात एका कवींनी मला सुनावले. टाळ्याही पडल्या. म्हणून हा प्रपंच.

हा क्रमांक गुणवत्तेचा दाखला नव्हे, पुस्तकाचा पत्ता आहे. १९७० साली तो दहा आकड्यांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक ठरला. १ जानेवारी २००७ पासून तेरा आकड्यांचा झाला. आरंभीचे ९७८ ही पुस्तकाची खूण, पुढचे ८१ किंवा ९३ भारताचे, मग प्रकाशक, मग पुस्तक आणि शेवटी तपासणीचा अंक. यात मराठी नाही, कानडी नाही. बेळगाव नाही, पुणेही नाही. जिथे आपल्याला कुणी दुय्यम ठरवू शकत नाही, नेमके तिथेच आपण गैरहजर!

तो शेवटचा अंक शोभेचा नाही. उदाहरणापुरता ९७८९३१२३४५६७२ हा क्रमांक घ्या. डावीकडून अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा व बेरीज करा. १३० येते. दहाने पूर्ण भाग गेला, म्हणजे क्रमांक जुळला. कोणताही एक अंक चुकला तर भाग जाणार नाही. मधले १ आणि २ उलटे पडले तर बेरीज १३२. चूक उघडी पडली. सातवीचा विद्यार्थी दोन मिनिटांत हे करील. मग आमच्या छापखान्यांना आणि लेखकांना प्रूफ वाचताना का जमू नये?

अर्थात गणितावर सगळे सोडता येत नाही. शेजारच्या दोन अंकांत पाचाचा फरक असेल आणि ते उलटे पडले, तर ही चाळणी फसते. वरच्या क्रमांकाचे शेवटचे ७२ चुकून २७ छापा. बेरीज १२० येते, क्रमांक बिनबोभाट पास! जुन्या दहा आकडी पद्धतीत अकराने भागत असत, तिथे ही चूक सापडत असे. शिवाय जुळणारा क्रमांक त्याच पुस्तकाला दिलेला आहे की नाही, हे कोणतेही गणित सांगत नाही. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एकाच प्रकाशकाची दोन निराळी पुस्तके एकच क्रमांक मिरवीत उभी आहेत. उद्या इंदूरच्या वाचकाने एक मागवले, तर त्याच्या हाती कोणते पडावे?

पैशाची सबब सांगू नका. आपल्या देशात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था हा क्रमांक विनामूल्य देते. लागतो तो अर्ज आणि थोडी शिस्त. सुधारून वाढवलेल्या आवृत्तीला नवा क्रमांक घ्यावा, कापडी आणि कागदी बांधणीला वेगवेगळा घ्यावा, एवढेच नियम पाळायचे.

वाचकहो, यंदा गावातल्या लेखकाचे पुस्तक विकत घ्याल तेव्हा ते उलटून पाहा. क्रमांक नसेल तर लेखकाला विचारा. असेल तर घरातल्या मुलाला बेरीज करायला बसवा. ज्याचा पत्ता धड लिहिलेला नाही, ते पुस्तक आपल्या जिल्ह्याबाहेर कुणाला सापडणार?