नववीच्या मुलांकडे मागावं असं काही

४ जानेवारी हा लुई ब्रेलचा जन्मदिवस. त्या निमित्तानं गेल्या रविवारी आमच्या संडे स्कूलमध्ये टीचरनी मुलांना त्याची गोष्ट सांगितली. पॅरिसच्या अंध शाळेत शिकणारा हा मुलगा, पंधरा वर्षांचा असताना १८२४ साली त्यानं ठिपक्यांची लिपी तयार केली. पुढे तो चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "टीचर, मग अंध मुलं दहावीचा पेपर ब्रेलमधेच लिहितात काय?" टीचरनी माझ्याकडे बघितलं, कारण माझी मुलगी मागच्या वर्षी लेखनिक म्हणून बसली होती. तेवढ्यात उपासनेची घंटा झाली. उत्तर राहून गेलं, म्हणून ते इथं लिहितोय.

बहुतेक अंध मुलं पेपर तोंडी सांगतात आणि शेजारी बसलेला लेखनिक तो लिहितो. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गात शिकणारा असावा असा नियम आहे, कारण त्यानं स्वतःच्या डोक्यातलं उत्तर लिहू नये. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांवर जातो. आपल्याकडच्या एसएसएलसीला असे सहा पेपर.

आता याचा अर्थ बघा. इथं कॉलेजचा मुलगा चालत नाही, निवृत्त शिक्षक चालत नाहीत, तुम्ही-मी कितीही मनापासून म्हटलं तरी चालत नाही. नववीतली, आठवीतली पोरंच पाहिजेत. मोठ्या माणसाला पैसे देऊन सुटता येत नाही असं हे एक काम आहे.

आणि बेळगावात त्यात आणखी एक अडचण. मराठी माध्यमाच्या परीक्षार्थीला मराठी भरभर लिहिणारा लेखनिक लागतो. आपल्या चर्चमधली निम्मी-अधिक मुलं इंग्रजी माध्यमात. घरात मराठी फडाफडा बोलतात, पण लिहायला बसवा, ऱ्हस्व-दीर्घ राहू दे, जोडाक्षरालाच अडखळतात. माझीसुद्धा त्यातलीच. फेब्रुवारीभर रोज संध्याकाळी तिची आजी पेपरातली बातमी वाचायची आणि ही लिहायची. पहिले चार दिवस रडारड, मग हात बसला.

आमच्याही घरात आधी 'नको' होतं, ते लपवत नाही. तिची स्वतःची नववीची परीक्षा तोंडावर, ट्यूशन चालू. बायको म्हणाली, एक दिवस ठीक आहे, सहा दिवस म्हणजे काय? मीही मान डोलावली. शेवटी मुलगीच म्हणाली, "पप्पा, नाताळात शाळेत स्वेटर गोळा केले तेव्हा तुम्ही दुकानातनं नवा आणून दिला की. तेव्हा नको म्हणाला नाही." त्यावर मला बोलायला काही उरलं नाही.

ते स्वेटर गोळा करणं मी वाईट म्हणत नाही. थंडी खरीच असते. पण ज्याला स्वेटर मिळतो तो कधीकधी त्याच वर्गात बसणारा असतो, त्याचं नाव पुकारून त्याला पुढे बोलावतात आणि फोटो काढतात. तो मुलगा मग ते स्वेटर घालत नाही. देणाऱ्या मुलांना आपण काय शिकवलं? तर देताना कॅमेऱ्याकडे बघायचं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे डोंगरावरच्या प्रवचनात आपण दरवर्षी ऐकतो, आणि दरवर्षी फोटो नोटीसबोर्डवर लावतो.

परीक्षेच्या खोलीत फोटो नसतो. एक परीक्षार्थी, एक लेखनिक आणि एक पर्यवेक्षक. आमची मुलगी ज्याच्यासाठी बसली तो तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. परीक्षेआधी एकदा भेट झाली तेव्हा त्यानंच हिची परीक्षा घेतली म्हणे. "प्रश्न सलग वाचू नको, थांबून वाच. मार्क किती ते आधी सांग. मी 'नवीन ओळ' म्हटलं तरच नवीन ओळ." ही दया करायला गेली होती आणि पहिल्याच दिवशी हुकूम ऐकून आली.

खरी कसोटी समाजविज्ञानाच्या पेपरला लागली. कित्तूरच्या राणी चन्नम्मांवर प्रश्न होता. त्यानं उत्तर छान सांगितलं, पण सालाचे आकडे उलटे झाले. १८२४ च्या जागी १८४२ म्हणाला. बेळगाव जिल्ह्यात वाढलेल्या पोरीला हे साल झोपेतही येतं. (ब्रेलच्या लिपीचंही तेच साल, हे मला परवा संडे स्कूलमध्ये कळलं.) तिचा हात थांबला. तो म्हणाला, "लिहिलंस?" तिनं १८४२ लिहिलं. घरी येऊन जेवली नाही. "दोन आकडे तर होते, मी वाईट वागले काय?" असं विचारत राहिली.

मी काही उत्तर दिलं नाही. तिच्या आजीनं दिलं. म्हणाली, "तो पेपर त्याचा हाय. तू बरोबर केलं असतंस तर तो तुझा झाला असता." मला वाटतं, मदत आणि उपकार यातला फरक याहून सोपा करून सांगता येणार नाही. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवा. दोन दिनार त्यानं शेवटी दिले. त्याआधी तो जनावरावरून उतरला, जखमा बांधल्या, त्या माणसाला बसवून स्वतः नेलं, रात्रभर थांबला. आपण दोन दिनार फोनवरून पाठवतो आणि पुढे जातो.

त्या मुलाला किती मार्क पडले ते इथं सांगत नाही, तो त्याचा विषय. तो पास झाला, आता पीयूसीला आहे, आणि माझ्या मुलीला अजून फोन करून लेखनासाठी रागावतो.

तर पाळकसाहेबांना, फादरना आणि संडे स्कूलच्या टीचरांना विनंती अशी. मार्चला अवकाश आहे असं वाटतं, पण लेखनिकाची परवानगी शाळेमार्फत आधी घ्यावी लागते आणि लिहायचा सराव लागतो. जानेवारीतच आठवी-नववीच्या मुलांना एकदा विचारा. आधी मुलांना, मग आईबापांना, हा क्रम पाळा. जी तयार होतील त्यांना घेऊन जवळच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना किंवा अंध शाळेत भेटा. हात मोडलेल्या, हाताला कंप असलेल्या मुलांनाही लेखनिक लागतो. आपलं मूल कुणासाठी बसलं, तो कुठल्या धर्माचा, कुठल्या गल्लीतला, हे विचारायची गरज नाही. सहा दिवस जमत नसेल तर दोन दिवस द्या, बाकीचे दुसरं कुणी देईल. आणि शेजाऱ्यांनो, हे पान तुम्हीही वाचता हे मला ठाऊक आहे. तुमच्या नववीतल्या मुलांनाही हेच सांगणं.

आमची मुलगी यंदा स्वतः दहावीत, म्हणून तिला बसता येणार नाही. तिचा भाऊ आठवीत आहे. दोन दिवस झाले, आजी बातमी वाचते, तो लिहितो, आणि ही मागनं ओरडते, "नवीन ओळ म्हटलं काय तिनं?"