पाच मिलिमीटरची किंमत

देवळाली कॅम्प म्हटले की तोफखाना आठवतो. परंतु येथून जवळच असलेल्या अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकची विद्युत उपकरणांसाठीही ओळख आहे आणि अशा उपकरणांत आता सर्किट बोर्ड अपरिहार्य ठरला आहे. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक घटकांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. बहुस्तरीय सर्किट बोर्डांचाही तीत समावेश आहे. हे स्वागतार्हच. मात्र लहान उद्योजकाचा नफा-तोटा पुष्कळदा कारखान्याआधी आरेखनाच्या टेबलावरच ठरतो, याची चर्चा फारशी होत नाही.

लहान बोर्ड सहसा एकेकटे बनत नाहीत. अनेक बोर्ड एका पॅनेलवर मांडतात व सुटे भाग बसवल्यावर वेगळे करतात. बोर्ड बनवणाऱ्याची शीट १८ बाय २४ इंचांची धरली आणि चहूबाजूंनी एकेक इंच सोडला, तर सुमारे ४०६ बाय ५५९ मिलिमीटर जागा उरते. तीत २०० बाय २७० मिलिमीटरची चार पॅनेल फटींसह बसतात. रुंदी २०५ केली की दोनच! आडवी-उभी कशीही फिरवली तरी तिसरे बसत नाही. वाया गेलेल्या जागेचे पैसे अर्थातच ग्राहकाच्या बिलात येतात.

मग पॅनेल लहानच का ठेवू नये? कारण कन्व्हेयरच्या पकडीसाठी प्रत्येक पॅनेलला दोन्ही कडांना ५ ते १० मिलिमीटरची पट्टी सोडावी लागते. पॅनेल जितकी लहान, तितक्या पट्ट्या अधिक. मोठ्या पॅनेलचे दुखणे वेगळे. शिसेविरहित सोल्डरसाठी ओव्हन २४० अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात, तर साधे एफआर-४ १३०-१४० अंशांपुढे मऊ पडू लागते. पॅनेल मधोमध झोळ धरते, त्यात व्ही-ग्रूव्ह खोल असेल तर अधिकच. ती उथळ ठेवली, तर बोर्ड तोडताना कडेच्या सिरॅमिक कपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारी चीर जाऊ शकते. चाचणीत उत्तीर्ण झालेले उपकरण मग काही महिन्यांनी ग्राहकाकडे बंद पडते.

शीटचे माप एका कारखान्याला ठाऊक, यंत्राची कमाल मर्यादा दुसऱ्याला आणि आरेखन करणारा तिसराच! खरेदीदाराने दोन्ही मर्यादा आधी लेखी मागवाव्यात. बाह्य आवरणाचा साचा बनल्यावर बोर्ड पाच मिलिमीटरने आखूड करणे फार महागात पडते.