तहान लागल्यावर विहीर?

उड्डाणपूल म्हणजेच विकास, हा भ्रम आपण किती काळ जोपासणार? वाहने नव्हे, माणसे वाहून न्यावीत, हे सूत्र राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६मध्येच सांगितले. त्याच वर्षी पुण्यात बीआरटी आली, २००७मध्ये पीएमपीएमएल स्थापन झाली, २०२२मध्ये मेट्रो धावली. तिन्ही गोष्टी स्वागतार्हच. परंतु त्या तुकड्यातुकड्यांनी आल्या आणि दरम्यान सामान्य नागरिक दुचाकीच्या हप्त्यांना बांधला गेला. आधी मोटारींसाठी शहर वाढवायचे, मग रुळांसाठी जागा धुंडाळायची, हे नियोजन नव्हे. वाढत्या नाशिकने तरी हलक्या रेल्वेची जागा आजच राखावी. बस, रेल्वे आणि पदपथ यांचा आराखडा एकच असावा, तिकीटही एकच. तहान लागल्यावर विहीर खोदणाऱ्यास कोणी द्रष्टा म्हणत नाही!