स्वप्नातलं परगाव

अमेरिकेला पहिल्यांदा जाऊन आलेला माणूस विमानतळापासून सुरुवात करतो आणि ऐकणाऱ्याचा चहा निवेपर्यंत थांबत नाही. बाहेरचा माणूस आपल्या मुलखात पहिल्यांदा उतरतो तेव्हा त्याला काय दिसतं, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारायचंच तर रिद्धपूरला जावं. मोर्शी तालुक्यातलं, संत्र्यांच्या पट्ट्यातलं हे गाव शतकानुशतकं दूरदूरच्या माणसांच्या स्वप्नात येत आलं आहे.

त्यातला पहिला पाहुणा भडोचचा. महानुभाव परंपरा सांगते, की प्रधानपुत्र हरपाळदेव रामटेकच्या यात्रेला म्हणून घराबाहेर पडला, वाटेत लवाजमा मागे टाकला आणि एकटाच रिद्धपूरच्या बाजारात येऊन पोचला. शिजवलेलं अन्न विकायचं तिथे, त्या रांधवणहाटीत, गोविंदप्रभू सेंगुळे-बुड्डे खात उभे होते. खाता खाता त्यांनी त्या परक्या तरुणाला प्रसाद दिला. पंथाच्या श्रद्धेप्रमाणे गुरूकडून ज्ञानशक्ती घेण्याचा शक्तिस्वीकार तो हाच. परमुलखात उतरल्यावर आधी जीभच भानावर येते, हे तेराव्या शतकातही तसंच होतं म्हणायचं. शेंगोळे हा शब्द तर आपल्या स्वयंपाकघरातून अजून गेलेला नाही.

तो तरुण म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी. त्यांनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहायला सांगितलं. त्यांच्यामागे पंथातल्या म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास रिद्धपूरलाच, वाजेश्वरी या स्थानी बसून, ज्याने जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडून पडताळून घेत लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठीतल्या या आद्य गद्यचरित्राचा नायक गुजरातेतून आलेला आहे. भाषेच्या नावाने बाह्या सरसावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

पंथ मात्र महाराष्ट्रापुरता राहिला नाही. पुढे तो पंजाबात गेला, तिथे ‘जयकृष्णी’ म्हणून ओळखला गेला आणि थेट काबूलपर्यंत पोचला. घरात पंजाबी, बाजारात उर्दू आणि पोथीत मराठी, अशी माणसं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. ज्ञान संस्कृतात गेलं तर आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असं चक्रधरांनंतरचे पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी आपल्या शिष्याला, केशोबासांना, बजावलं होतं. त्या म्हाताऱ्यांसाठी राखलेली भाषा रावी-चिनाबच्या काठच्या माणसाची धर्मभाषा झाली!

असा पंजाबी यात्रेकरू रिद्धपूरला उतरतो. ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो. नव्या माणसाला इथे दिसतात ते चुनखडीचे नाहीतर फरशीचे साधे ओटे. तो मात्र राजमठात ओट्यावर कपाळ टेकवतो आणि इथे कोणती लीळा झाली ते आठवू लागतो. गाव पाहण्याआधीच त्याला ते पाठ असतं. पंचाईत होते ती बाहेर, चहाच्या टपरीवर. “कुटून आले जी?” असं कोणी वऱ्हाडीत विचारलं की यादवकाळचं मराठी वाचणारा तो गडी मुकाट्याने हिंदीवर येतो.

अमेरिकेच्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंचं चरित्र इंग्रजीत नेलं. ते १९८४मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे रिद्धपूर कधी न पाहिलेल्या वाचकालाही त्याच्या गल्ल्या ठाऊक झाल्या. कुणाच्याही घरात शिरणारे, लोकांना वेडे वाटणारे राऊळ, म्हणजे गोविंदप्रभू, आणि पाण्यासाठी तळमळणाऱ्या मातंगांना विहिरीची जागा दाखवणारे राऊळ, दोन्ही त्यात भेटतात. यातले दुसरे आपल्या शालेय पुस्तकांत आणखी ठळक दिसायला हवेत.

आता इथे मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. पहिले कुलगुरू डॉ. अविनाश आवलगावकर हे महानुभाव साहित्याचेच अभ्यासक. म्हणजे पोथी नव्हे, प्रवेश अर्ज घेऊन येणारेही आता गावात उतरतील. त्यांनी आल्या आल्या एक करावं: कार्यालय शोधण्याआधी वाजेश्वरीचा रस्ता विचारावा, आणि तोही मराठीत.