नदीच्या माशांचा वाली कोण?

मृगाचा पहिला दमदार पाऊस कोसळला आणि ओढ्यानाल्यांस लोंढा आला, की नदीकाठच्या गावांत एकच धांदल उडते. उत्तर कोकणात या दिवसांस वळगण म्हणतात. खाली दक्षिणेकडे चढणीचे मासे या नावाने तीच गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. रात्रीच्या रात्री लोक बत्त्या घेऊन बाहेर पडतात. कोणाच्या हाती पाग, कोणाच्या हाती साधी टोपली, कोणाच्या हाती नुसती काठी. आणि पहाटेपर्यंत घरोघरी गाबोळीने तट्ट फुगलेल्या माशांचे ढीग पडतात. या उत्सवाची गोडी आम्हांस ठाऊक नाही असे नाही. परंतु वर्षातून एकदा मिळणाऱ्या या मेजवानीची किंमत उरलेले अकरा महिने कोण भरतो, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे, किंबहुना ती टळून चालली आहे, असे आम्हांस वाटते.

त्या रात्री प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा अंडी घालण्यासाठी चाललेला असतो. उथळ ओहोळात, पाण्याखाली गेलेल्या शेतात, खडकाळ तळाच्या स्वच्छ पाण्यात त्याची वीण व्हावयाची असते. वाटेतच त्यास गाठले म्हणजे त्या एका माशाबरोबर त्याच्या पोटातील हजारो अंड्यांचाही निकाल लागतो. ऐन पेरणीच्या तोंडावर बियाण्याची कणगी फोडून भाकऱ्या भाजणाऱ्या शेतकऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही. मग नदीच्या बाबतीत हेच कृत्य साऱ्या गावाने मिळून केले, म्हणजे तो शहाणपणा कसा ठरतो?

समुद्रासंबंधाने सरकारने हा विचार केलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि कुरकुर करीत का होईना, किनाऱ्यावरील लोक ती पाळतात. शेजारच्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा नद्यांतील माशांचा विणीचा काळ म्हणून बंदीचा ठरलेला आहे. सुरुंग लावून अथवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा तर १८९७ च्या कायद्यानेच ठरविला होता. त्यानंतर महाराष्ट्र राज्याचा स्वतंत्र मत्स्यव्यवसाय कायदाही १९६० साली झाला. म्हणजे कायद्याची उणीव आहे असे म्हणता यावयाचे नाही. उणीव आहे ती निराळीच. कायद्याची कचेरी जिल्ह्याच्या गावी, आणि जिलेटीनची कांडी उडते ती मध्यरात्री रानातल्या डोहात! पूर्वी रामेठ्याची साल किंवा गेळफळे ठेचून टाकीत, त्याने एका डबक्यातील मासे गुंगत. आज ब्लीचिंग पावडर ओततात किंवा विजेची तार सोडतात. त्याने लहान पिलू, खेकडा, झिंगा असे काहीच मागे उरत नाही. सकाळी पंचनामा करावयास कोणी आलाच, तर साक्ष द्यावयास मासा उरलेला नसतो आणि माणूस पुढे येत नाही.

आपल्या नद्यांचे वैभव काय होते, हे सांगावयास पुराणात शिरण्याचे कारण नाही. कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर एक निबंध १८३९ साली प्रसिद्ध केला. त्यात कित्येक जातींस त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन वळण देऊन लावली. महसीर माशाची ‘खुद्री’ ही जात त्यांतलीच असून पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातील माशावरून तिचे वर्णन झाले. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत ते मराठी नाव आजही चालू आहे. पुणे शहराच्या खाली आज ती खुद्री शोधू पाहणाऱ्यास काय सापडेल, हे त्या पाण्याचा रंग आणि वासच सांगेल. पंचगंगेच्या काठी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तर वारंवार येतात, आणि वाचकांसही त्यांची सवय होऊन गेली आहे. नाव ग्रंथात राहावे आणि नामधारी नाहीसा व्हावा, ही भूषणाची गोष्ट खचित नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की आपल्या पूर्वजांनी देवाच्या नावाने मासे राखलेच होते. हे खरे आहे, आणि ते आम्ही आदराने मान्य करतो. महाडजवळ वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या कोंडात, तसेच वाडे तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथील शिवमंदिरापाशी महसीर मासे निर्भयपणे माणसाच्या हातचे खाद्य घेतात. तेथे कोणी गळ टाकीत नाही. या ठिकाणांचे रहस्य केवळ श्रद्धेत नाही. या डोहास कोणीतरी धनी आहे, त्यावर साऱ्या गावाचा डोळा आहे, आणि नियम मोडणारास तोंड दाखविणे कठीण जाते, यातच ते रहस्य आहे. परंतु या व्यवस्थेची मर्यादाही ओळखली पाहिजे. देवाचे राज्य त्या कोंडापुरते. पावसाळ्यात मासा कोंड सोडून वर चढला, की तो देवाचा राहत नाही; जो पकडील त्याचा होतो. शिवाय देवीचा धाक माणसास असतो, वरून येणाऱ्या सांडपाण्यास नसतो. सबब देवस्थानाने एका डोहाचे जे केले, ते साऱ्या नदीचे करावयाचे असेल, तर त्यास आजच्या काळास साजेशी संस्था हवी. ती संस्था म्हणजे नदीकाठच्या लोकांनी स्वतः नोंदविलेला, आपल्या टापूपुरता मत्स्यरक्षण विश्वस्तनिधी, असे आमचे मत आहे.

अशा निधीने काय साधते आणि काय साधत नाही, याचा धडा लंडनच्या टेम्स नदीने दिलेला आहे. तेथे १८३३ नंतर सालमन मासा दिसेनासा झाला. १९५७ साली तर नदीचा लंडनमधील भाग जीवशून्य झाल्याचे जाहीर झाले. पुढे गटारांचे पाणी शुद्ध करण्यावर मोठा खर्च झाला, आणि १९७४ साली तो मासा पुन्हा नदीत मिळाला. हुरूप येऊन लोकांनी लाखो पिले नदीत सोडली. १९८६ साली एक विश्वस्तनिधी उभारून बांधाबांधांवर माशांना चढण्यासाठी शिड्या बांधविल्या. परंतु २०११ साली संशोधकांनी तपासले, तेव्हा टेम्समध्ये येणारे सालमन सोडलेल्या पिलांचे वंशज नसून दक्षिण इंग्लंडातील दुसऱ्या नद्यांतून आपण होऊन आलेले आहेत असे आढळले. तात्पर्य, पिले सोडून नदी भरत नाही. पाणी स्वच्छ करा, वाट मोकळी ठेवा, म्हणजे मासा आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, येतो.

हाच धडा घरच्याही उदाहरणाने पटण्यासारखा आहे. महसीरची कृत्रिम पैदास साधण्याचे मोलाचे काम लोणावळ्यास झाले, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगण्याची गोष्ट आहे. परंतु ही खुद्री पुढे कावेरीतही सोडली गेली. तेथे ती वाढली, आणि कावेरीचा स्वतःचा उंच पाठीचा प्रचंड महसीर मात्र झपाट्याने कमी झाला. त्या माशास शास्त्रीय नाव निश्चित होऊन त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली तीही २०१८ साली, म्हणजे तो जवळजवळ संपत आल्यावर! हेतू उत्तम असूनही अज्ञान किती महागात पडते, याचे हे उदाहरण आहे. मग उत्पन्नाच्या लोभाने सोडलेल्या तिलापियाची, किंवा सरकारने २००० साली बंदी घालूनही चोरून पाळल्या जाणाऱ्या आफ्रिकन मागुराची गोष्ट काय सांगावी?

आता हा निधी कोणाचा असावा, हा कळीचा प्रश्न आहे. शहरातील चार प्रतिष्ठित गृहस्थांनी फलक लावावा आणि ज्याची चूल नदीवर पेटते त्या कातकऱ्यास शिपायाकरवी हाकलावे, अशा प्रकारास आमचा स्पष्ट विरोध आहे. ती सुधारणा नव्हे, दांडगाई आहे. नदीचे ज्ञान भोई, कोळी, ढिवर, कातकरी यांच्यापाशी आहे. कोणता मासा कोणत्या नक्षत्रात कोठे चढतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नाही. भंडारा-गोंदियाकडील माजी मालगुजारी तलावांत ढिवर स्त्रीपुरुषांनी बेशरमीची झुडपे उपटून मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लाविल्या व देशी माशांस आसरा दिला. हे काम कोणा साहेबाने येऊन केले नाही. म्हणून विश्वस्तांत निम्म्याहून अधिक जागा प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्यांच्या, आणि त्यांत मासे विकणाऱ्या बायांच्याही, असल्या पाहिजेत. नोंदणीस १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या नेमावयाच्या आहेत, त्यांचा हात धरता येईल. निधीचा जमाखर्च दर सहामाहीस चावडीवर लावावा, म्हणजे कुजबुजीस जागा राहणार नाही.

दोन महिने बंदी घातली तर गरिबाने खावे काय, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. त्यास उत्तर असे की, बंदी जाळ्यास, सुरुंगास, विषास आणि विक्रीस असावी. घरच्या कालवणापुरता गळ टाकणारास ती नसावी. दुसरे, त्या दोन महिन्यांची राखण त्याच लोकांनी करावी व त्यांस निधीतून रोजची मजुरी मिळावी. नदीचे पाणी उपसणारा कारखाना, नदीत घाण सोडणारी नगरपालिका आणि नदीवर मळे पिकविणारा बागाईतदार यांनी या मजुरीस हातभार लावावा, यात उपकार काही नाही. ते नदीचे देणे आहे.

कामे फार नाहीत. प्रत्येक गावाने एक डोह बारमाही अभय ठरवावा. वळगणीचे दिवस पाळावेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या पावसापूर्वी वेळेवर काढविण्याचा पाठपुरावा करावा, कारण फळ्या राहिल्या तर माशांची वाट बंद होते. पक्क्या बांधांस माशांची शिडी मागावी. कोणत्या महिन्यात कोणता मासा, किती मोठा मिळाला याची वही ठेवावी. ती वही नसेल तर नदी सुधारली की बिघडली हे कोणासच सांगता येणार नाही. परका मासा सोडू देऊ नये. आणि पाण्यात मासे मरून तरंगले, तर त्याच दिवशी पाण्याचा नमुना घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी. एकट्यादुकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. बारा गावांच्या निधीचा अर्ज तसा पडून राहणे कठीण आहे.

सरकारने हे करावे असे म्हणून स्वस्थ बसणारांस आमचे एवढेच सांगणे आहे की, सरकारकडून कायद्याचा अंमल मागावयासही मागणारा लागतो. शेताला राखणदार आहे, आमराईला आहे, गावच्या कोंबड्यालाही धनी आहे. नदीचा मासा तेवढा सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाही. येत्या मृगापूर्वी एका तरी गावाने ग्रामसभा बोलवावी, एक डोह नेमावा, आणि पहिल्या पावसाच्या त्या रात्री पाग खुंटीला टांगून ठेवावा. त्या वर्षी मेजवानी बुडेल हे खरे. पण कार्तिकात जाळे टाकणाऱ्या भोयास, आणि त्याच्या मागून त्याच्या मुलास, त्याचे मोल कळल्यावाचून राहणार नाही.